काठातलं शिसं

पडदेबाईंना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पायांची सूज उतरली होती, श्वास पुरत होता आणि आपण वाचलो याचा त्यांना चक्क आनंद झाला होता. तो आनंद दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत टिकला. मुलाची गाडी वळली. उजव्या हाताला त्यांची मोठी काच असायला हवी होती, काचेमागे नमुन्याचे पडदे, आणि दारात कात्री घेऊन उभं राहायची त्यांची जागा. तिथे मोबाइलची कव्हरं विकणारं एक झगझगीत दुकान उभं होतं.

"गाडी थांबव," त्या म्हणाल्या.

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय, मनाला त्रास करून घ्यायचा नाही."

"हे कधी झालं?"

"तू आयसीयूत होतीस तेव्हा. जागामालकाला दुसरं गिऱ्हाईक मिळत होतं. मशीनंही चांगल्या घरी गेली. तुझी दगदग वाचावी म्हणूनच केलं गं सगळं."

"मला विचारलंस?"

"तू शुद्धीवर तरी होतीस का?"

"शुद्धीवर आल्यावर?"

मुलानं गिअर बदलला आणि समोर बघत गाडी चालवू लागला. तो एका मोठ्या कंपनीत मालवाहतुकीचा प्रमुख होता. कुठलं खोकं कुठून उचलायचं आणि कुठे ठेवायचं हे ठरवण्यात त्याची हयात चालली होती, आणि खोक्यांना विचारायची पद्धत नसते.

पडदेबाई काचेतून मागे पडणारं ते दुकान बघत राहिल्या. नवरा गेला तेव्हा हा मुलगा दप्तराच्या ओझ्यानं वाकडा चालत होता. तेव्हापासून त्यांनी निम्म्या गावाच्या खिडक्या झाकल्या होत्या. त्यांच्या हातचा पडदा खालच्या काठाला कधी वाकडा लटकला नाही, असं लोक म्हणत, आणि लोक उगाच काही म्हणत नाहीत. एवढं सगळं खोक्यासारखं उचलून बाजूला ठेवलं गेलं, आणि वर कपाळावर चिठ्ठी काय, तर 'दगदग वाचावी म्हणून'. त्यांना रडू आलं नाही. हृदय कमजोर झालंय असं डॉक्टर म्हणाले होते. राग मात्र चांगला धडधाकट होता.

दुसऱ्या दिवशी मुलानं त्यांच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं. सोबत एक वजनकाटा आणला. हा काटा म्हणजे घरचा हेर. सकाळी उठून, लघवीला जाऊन, काही खाण्यापिण्याआधी त्यावर उभं राहायचं; आकडा आपला आपण फोनमध्ये जायचा. मग ॲप विचारायचं: पायांना सूज? चालताना दम? झोपताना उशा किती? सगळं ठीक असलं की एक हसरं हृदय हिरवं व्हायचं आणि म्हणायचं, 'शाब्बास, आज तुम्ही स्वतःची काळजी घेतलीत.'

"हृदय दमलं की अंगात पाणी साठतं, मावशी," फोनच्या पडद्यावरून सिस्टर समजावत होत्या. दवाखान्याच्या एका खोलीत बसून त्या अशा कितीतरी लोकांचे आकडे रोज बघायच्या. आवाज कोरडा, पण डोळे लक्ष देणारे. "सूज दिसायच्या आधी काट्याला कळतं. दोन दिवसांत दीडेक किलो वाढलं, तर ते खाण्याचं नसतं, पाण्याचं असतं. मग इथे माझ्याकडे लाल दिवा लागतो, आणि तुमच्या मुलाच्या फोनवर भोंगा वाजतो."

"फोन बंद ठेवला तरी?"

"आवाज बंद ठेवला तरी," मुलगा अभिमानानं म्हणाला. "मुद्दाम तसं लावून घेतलंय. सगळ्यात मोठा आवाज. मी 'पाहिलं, पोचलो' असं दाबेपर्यंत थांबतच नाही."

"हुशार आहेस," पडदेबाई म्हणाल्या.

भोंग्याचा उपयोग त्यांना अपघातानंच कळला. दुकान गेलं तरी एक डबा उरला होता, कारण तो त्यांच्या पलंगाखाली होता आणि मुलाला ठाऊक नव्हता. त्यात शिशाच्या चकत्या होत्या, शर्टाच्या बटणांहून थोड्या मोठ्या, करड्या, मऊ. जड पडद्याच्या खालच्या दुमडीत या चकत्या शिवल्या की पडदा वाऱ्यानं फडफडत नाही, काठ सरळ राहतो. एका सकाळी त्यांनी तो डबा नुसता हातात घ्यावा म्हणून बाहेर काढला. तेवढ्यात फोननं वजनाची आठवण केली. डबा पोटाशी धरलेलाच राहिला आणि बाई काट्यावर चढल्या.

सिस्टरचा फोन आला. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं देऊन होत नाहीत तोच जिन्यात धाडधाड पावलं वाजली. मुलगा दारात उभा. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र उलटं झालेलं, कपाळावर घाम, तोंडाचा रंग उडालेला.

"काय झालं? काय होतंय तुला?"

"काही नाही रे. तू कुठे होतास?"

"मीटिंगमध्ये. सगळे बसले होते, मी उठून आलो. भोंगा वाजला, सगळे बघायला लागले."

पडदेबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. आपल्या पायांखालची जागा कुणीतरी न सांगता काढून घेतली की माणसाचं तोंड असं होतं. गाडीत त्या दिवशी आपलं असंच झालं असणार. मुलगा पाणी पिऊन गेला. डबा त्यांनी पदराआड केला होता तो परत पलंगाखाली सरकवला आणि चहा टाकला. दुकान गेल्यापासून पहिल्यांदा त्यांना चहाची चव लागली.

सूड हा पडद्यासारखा असतो. घाईनं कापला की आखूड पडतो. पडदेबाईंनी घाई केली नाही. त्यांच्या जुन्या जाड गाउनला त्यांनी आतून दुहेरी दुमड घातली आणि प्रत्येक चकतीला छोटं घर शिवलं, म्हणजे आवाज नको. शिसं फार जागा मागत नाही. बाहेरून गाउन होता तसाच, फक्त त्याचा काठ असा सरळ पडायचा की बघत राहावं.

मुहूर्त सून देत होती. बिचारी रोज दुपारी फोन करायची, आणि तिच्या पोटात काही राहत नसे. "आई, उद्या ह्यांना मोठ्या साहेबांपुढे बोलायचंय हं, देवाला सांगा सगळं नीट होऊ दे."

"सांगते हो," पडदेबाई म्हणायच्या आणि सुई ओवायच्या.

मग सकाळी हृदय लाल. भोंगा. जिन्यात पावलं. एकदा तो विमानतळाच्या रस्त्यावरून परत आला. एकदा भर पाहुण्यांतून. एकदा केस अर्धेच कापलेले, मानेला अजून तो पांढरा कपडा गुंडाळलेला. त्या दिवशी पडदेबाईंना हसू आवरता आवरेना, म्हणून त्यांनी खोकल्याची उबळ काढली, तर तो आणखीच घाबरला.

"साहेब, एवढं धावत येऊ नये," त्या म्हणाल्या. "दगदग होते."

मुलानं चमकून पाहिलं, पण त्या ताकास तूर लागू देणाऱ्यांतल्या नव्हत्या.

सिस्टर मात्र कोड्यात पडल्या होत्या. "मावशी, नडगीवर अंगठा दाबा. जोरात. आता काढा. खड्डा पडला?"

"नाही हो."

"दम?"

"मुळीच नाही."

"मग हे वजन कसलं? भूक लागते का?"

"लागते. सपाटून लागते."

सिस्टर त्यांना पाण्याची गोळी वाढवून द्यायच्या, म्हणजे ती गोळी, जी अंगातलं पाणी लघवीवाटे काढते. जादाची गोळी पडदेबाई मोरीत टाकायच्या. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललं होतं. शेवटी सिस्टरनी डॉक्टरांशी बोलून निर्णय घेतला. बाई अंथरुणाला खिळून वाळल्या होत्या, आता अन्न अंगी लागतंय. हे पाणी नाही, मांस आहे. तेव्हा ॲपमधलं त्यांचं ठरलेलं वजन, ज्याच्यावरून वाढ-घट मोजायची ते, दोन किलोंनी वर सरकवलं. ज्या आकड्याला कालपर्यंत हृदय लाल व्हायचं, त्याच आकड्याला ते आता हिरवं होऊन शाब्बासकी देऊ लागलं.

"चांगली बातमी आहे, मावशी," सिस्टर म्हणाल्या. "तब्येत भरतेय तुमची."

पडदेबाईंनी हो म्हटलं. शिशाला मांस म्हणणारं यंत्र आपल्या बाजूचं आहे, असंच त्यांना वाटलं.

त्यानंतर सुनेचा फोन आला तो रडवेल्या आवाजात. नव्या बंदराचं काम ह्यांच्या हातून काढून दुसऱ्याला दिलं. वरचे म्हणाले, तुमचं घरी लक्ष असतं, ते बरोबरच आहे, पण या कामाला पूर्ण वेळ माणूस हवा. "ह्यांना विचारलंसुद्धा नाही हो, आई. नुसतं सांगितलं."

"अगंबाई," पडदेबाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ खिडकीशी बसल्या. कपड्याचा ताका उलगडावा तसं समाधान त्यांच्या मनात पसरत गेलं. वाटलं, आता पुरे. आता हिशेब सरळ झाला.

पण त्याच संध्याकाळी मुलगा आला, आणि तो धावत आला नव्हता. शांतपणे जिना चढून आला, बूट काढले, खुर्ची ओढली.

"आई, तू आमच्याकडे यायचंस. मागची खोली रिकामी केलीय. हे घर सोडून देऊ."

"मला विचारलंस?"

"ह्यात विचारायचं काय? हे बघ." त्यानं फोन पुढे केला. पडद्यावर रेघ वर-खाली उड्या मारत होती, जागोजागी लाल ठिपके. "ॲपच सांगतंय. तुला एकटीला ठेवणं धोक्याचं आहे. हे मी म्हणत नाही, आकडे म्हणतायत."

करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती. पडदेबाईंना ती मागची खोली माहीत होती. तिला एक खिडकी होती आणि त्या खिडकीला सुनेनं तयार आणलेला पडदा होता, खालून वाकडा. पण त्या अजून गडबडल्या नव्हत्या.

"आणि आकडे सुधारले तर?"

"तर काय?"

"महिनाभर सगळं हिरवं राहिलं तर? तर मी इथेच. आकडेच सांगतील ना?"

आकड्यांपुढे मुलाचं काही चालत नसे. "महिनाभर," तो म्हणाला. "एकही लाल नको."

ठरलेलं वजन वर सरकवल्यापासून काट्यावर चढताना तो गाउन रोजच घालावा लागत होता; आता उलटी शिवण उसवायची होती. गाउन एकदम उतरवला तर वजन धाडकन कमी होणार आणि सिस्टर पुन्हा प्रश्न विचारणार. म्हणून त्या थोड्या थोड्या चकत्या काढू लागल्या. मूठभर काढल्या की काट्यावर आकडा जरासा उतरायचा. रेघ जिन्यासारखी खाली येऊ लागली. हृदय रोज हिरवं.

मग सिस्टरचा फोन आला. "मावशी, वजन छान उतरतंय, पण फार उतरायला नको. अंगातलं पाणी गरजेपेक्षा कमी झालं तर चक्कर येते, मूत्रपिंडावर ताण येतो. आपण पाण्याची गोळी कमी करू. सुरुवातीला दोन होत्या, आता रोज एकच."

"बरं," पडदेबाई म्हणाल्या. आता त्या शहाण्यासारखं वागायचं ठरवून बसल्या होत्या, त्यामुळे जादाची गोळी मोरीत टाकणाऱ्या बाईंनी कमी झालेली गोळी मात्र मनोभावे पाळली.

रेघ आडवी झाली. सरळ, शांत, हिरवी. एक दिवस त्यांनी काठातल्या आणखी मूठभर चकत्या काढल्या आणि काट्यावर उभ्या राहिल्या. आकडा हलला नाही. काटा बिघडला असेल म्हणून त्या उतरल्या, पुन्हा चढल्या. तोच आकडा. दुसऱ्या दिवशी आणखी चकत्या काढल्या. पुन्हा तोच. शिशाचं वजन त्यांच्या हाताला पाठ होतं. एवढं शिसं गेलं तर काट्याला कळलंच पाहिजे. काट्याला कळत नव्हतं, याचा अर्थ जेवढं शिसं बाहेर पडत होतं, तेवढंच दुसरं काहीतरी आत येत होतं.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी त्याचा ठसा राहिला, कणकेच्या गोळ्यावर राहतो तसा, आणि भरायला वेळ लागला.

शेवटच्या चकत्या निघाल्या तेव्हा गाउन पुन्हा साधा गाउन झाला. वजन तेच. आता काट्यावर शिसं नव्हतं, नुसत्या पडदेबाई होत्या आणि त्यांच्यातलं पाणी. आणि ॲपच्या लेखी हे ठरलेल्या मर्यादेतलं, तब्येतीचं, शाब्बासकीचं वजन होतं.

त्यानंतर चपलेचे पट्टे रुतू लागले. न्हाणीघरापासून स्वयंपाकघरापर्यंत येताना मध्ये भिंतीला हात लावावा लागायचा. सपाट पडलं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून उशीवर उशी चढत गेली. सकाळी ॲप विचारायचं, झोपताना उशा किती? पडदेबाई 'एक' वर बोट ठेवायच्या. सिस्टरना खरं सांगायचं तर सगळं सांगावं लागणार, आणि सगळं सांगायचं तर ती मागची खोली. महिना संपायला थोडेच दिवस राहिले होते. तेवढं काढू, मग बघू. त्या मनाशी म्हणायच्या, श्वासाला काय, कमी घेतला तरी चालतो.

महिना संपला त्या दिवशी दुपारी मुलगा आला. हातात फुलं होती. फुलं आणायची त्याची रीत नव्हती, त्यामुळे ती कुठे ठेवावीत हे त्याला कळेना. त्यानं ती शिवणाच्या रिकाम्या टेबलावर ठेवली. चेहरा उजळलेला होता.

"जिंकलीस तू," तो म्हणाला. "एकही लाल नाही. राहा इथेच. मी शब्दाचा पक्का आहे."

"बस," पडदेबाई म्हणाल्या. त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, कारण मागे टेकलं की दम लागत होता.

"अगं, ऐक तर. आमच्या ऑफिसात आरोग्याचा कार्यक्रम होता. मला बोलायला सांगितलं. घरच्या आजारी माणसाची काळजी कशी घ्यावी यावर. मी तुझा आलेख मोठ्या पडद्यावर दाखवला." त्यानं फोन काढला. "हे बघ, आधी कशा उड्या, आणि मग कशी सरळ रेघ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं विचारलं, नेमकं काय केलंत? मी म्हटलं, ॲप तर आहेच, पण खरा उपाय म्हणजे तिचं दुकान बंद केलं. कठोर निर्णय होता, पण कुणीतरी घ्यायलाच हवा होता. ती माझ्यावर रागावली, पण आज बघा."

"असं म्हणालास?"

"खोटं आहे का? मोठे साहेब स्वतः येऊन हात मिळवून गेले. म्हणाले, मुलगा असावा तर असा."

पडदेबाईंनी त्या हिरव्या रेघेकडे पाहिलं. आपण उद्या गेलो, तर ही रेघ अशीच हिरवी राहील. हा रडेल, चार लोक याच्या पाठीवर हात ठेवतील, म्हणतील, तू काही कमी केलं नाहीस. आणि ते पुराव्यानिशी म्हणतील. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. उद्या हा आणखी कुणाला तरी न विचारता उचलून ठेवेल, आणि आईचा आलेख दाखवेल. एवढं शिसं शिवलं, एवढ्या पहाटे काढल्या, ते याला प्रमाणपत्र मिळवून द्यायला?

मरायला त्यांची फारशी हरकत नव्हती. पण याला शहाणा ठरवून मरायला त्यांची सक्त हरकत होती.

"पलंगाखाली डबा आहे," त्या म्हणाल्या. "काढ."

"कसला डबा?"

"काढ तर."

त्यानं वाकून डबा ओढला. एका हातानं उचलायला गेला आणि हात खाली गेला. "काय भरलंय यात?"

"तुझे लाल ठिपके. तू आलास तेवढ्या वेळा ह्यातलं शिसं माझ्या गाउनच्या काठात होतं. तू विमानतळावरून आलास तेव्हा. अर्ध्या केसांनी आलास तेव्हा. बंदराचं काम गेलं तेव्हाही."

मुलगा हसला. "थट्टा नको करूस."

"आणि सिस्टरनी शिसं मांस समजून वजन वाढवून लावलं. मग मी शिसं काढत गेले, त्यांना वाटलं वजन उतरतंय, त्यांनी गोळी कमी केली. आता शिसं डब्यात आहे आणि काट्यावर दिसतंय ते पाणी आहे." एवढं बोलताना त्यांना तीनदा थांबावं लागलं.

"आई, आलेख हिरवा आहे," मुलगा समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुला उगाच भास होतोय. सकाळीच तू एक उशी लिहिलंयस."

पडदेबाईंनी परकराचा काठ गुडघ्यापर्यंत वर घेतला. "अंगठा ठेव. दाब."

त्यानं दाबला.

"काढ."

खड्डा तसाच राहिला. मुलगा त्याच्याकडे बघत राहिला, तो भरेल म्हणून वाट पाहत. फोनवर हृदय हसत होतं. खड्डा भरेना. मुलानं एकदा फोनकडे पाहिलं, एकदा पायाकडे, आणि मग पहिल्यांदाच आईच्या चेहऱ्याकडे, जिथे ओठांच्या कडा निळसर झाल्या होत्या.

"कशाला केलंस हे?" त्यानं विचारलं.

"विचार करून ठेव. पण आधी गाडी काढ."

त्यानं गाडी काढली नाही, रुग्णवाहिका बोलावली, आणि सिस्टरना फोन लावून ते सगळं पुन्हा सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "ती गोळी मी कमी केली." आणि लगेच नेहमीच्या कोरड्या आवाजात, "बसवून ठेवा. आडवं करू नका. पाय खाली सोडा."

दवाखान्यात शिरेतून औषध गेलं आणि पाणी उतरू लागलं. पडदेबाईंना चार दिवसांनी पाठ टेकून झोपता आलं. सिस्टर त्यांना भेटायला वॉर्डात आल्या. फोनच्या पडद्यात वाटल्या होत्या त्यापेक्षा त्या बऱ्याच बुटक्या आणि बऱ्याच तरुण होत्या. त्या बसल्या नाहीत.

"तुमचं वजन खाली आलं, त्या दिवशी मी घरी जाऊन सांगितलं होतं, माझी एक मावशी सुधारली," त्या म्हणाल्या. "तुमचं काय भांडण असेल ते असो, मावशी. मी त्यात कुठे होते?"

पडदेबाईंनी चादरीचा काठ सरळ केला. "चुकले," त्या म्हणाल्या. मुलाला हा शब्द त्यांनी म्हटला नव्हता आणि म्हणणारही नव्हत्या. पण सिस्टरना म्हणाल्या, आणि तो खरा होता.

मुलगा मात्र त्यानंतर दोन दिवस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत आला आणि पलंगापासून लांब उभा राहिला.

"ऑफिसात सांगितलं मी," तो म्हणाला. "तो आलेख खोटा होता म्हणून. सांगावंच लागलं. तो त्यांनी भिंतीवर लावला होता."

"हसले का?"

"हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं."

पडदेबाईंनी हे आत साठवून घेतलं, सावकाश, गोड गोळी चघळावी तसं.

"माझं काम गेलं तुझ्यामुळे," तो म्हणाला.

"माझं दुकान गेलं तुझ्यामुळे."

"म्हणजे फिटंफाट झाली."

"छे," त्या म्हणाल्या. "मी तुला सांगितलं तरी. तू मला सांगितलंही नव्हतंस. मी गाडीच्या काचेतून बघितलं."

शेजारच्या पलंगावरच्या बाई डोळे मिटून कान उघडे ठेवून पडल्या होत्या. वॉर्डातला कामगार भेटीची वेळ संपत आली म्हणून दारात येऊन उभा राहिला.

"तू मेली असतीस," मुलगा हळू आवाजात म्हणाला. "आणि मला वाटलं असतं, मी सगळं बरोबर केलं."

"म्हणून तर मेले नाही."

त्यावर त्यानं मान खाली घातली. कामगारानं घड्याळाकडे बोट दाखवलं. मुलगा दाराकडे वळला, दोन पावलं गेला आणि परत आला. या वेळी पलंगाच्या जवळ.

"परवा सोडणार आहेत तुला," तो म्हणाला. एवढं बोलून थांबला. पुढचे शब्द त्याच्या तोंडाला सवयीचे नव्हते. "इथून... कुठे जायचंय तुला?"

पडदेबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "विचारतोयस?"

"विचारतोय."

उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. घर, खिडकीजवळची जागा, एक तरी मशीन, आणि त्या मशीनवर दिवसाला दोन पडदे, दम लागला की थांबायचं. सगळं ओठांवर होतं. त्यांनी ते गिळलं.

"आत्ताच कसं सांगू," त्या म्हणाल्या. "विचार करावा लागेल. उद्या ये, पुन्हा विचार."

"उद्या मला..." मुलगा बोलायला लागला आणि त्यानं वाक्य अर्ध्यावर सोडलं. "किती वाजता?"

"भेटीच्या वेळेला. जाताना ती खुर्ची जागेवर ठेव."

तो खुर्चीवर बसलाच नव्हता, तरी त्यानं ती उचलून जागेवर ठेवली आणि गेला. शेजारच्या बाईंनी डोळे उघडले.

"उत्तर माहीत नाही होय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"माहीत आहे की," पडदेबाई म्हणाल्या, आणि एकाच उशीवर डोकं टेकून त्यांनी कूस बदलली.